वैधव्यानंतरचा संसार

श्रोतेहो, मरण येतें तें एका माणसाला. परंतु आपल्या समाजांत कित्येक शतकें त्या एका मरणानें दोन माणसें मृत ठरत असत. नवरा गेला कीं मागें राहिलेली स्त्री दळण दळीत असे, पाणी भरीत असे, दुसऱ्यांचीं मुलें सांभाळीत असे. परंतु ती जगत असे असें म्हणवत नाहीं. ब्राह्मणादि वरिष्ठ जातींत तिच्या मस्तकाचें मुंडन होई, अंगावर आलवण येई आणि मंगलकार्यांत तिचें दर्शनहि वर्ज्य ठरे. ती आठ वर्षांची असो वा अठ्ठावीस वर्षांची असो, तिचें पुढील आयुष्य केवळ संपण्यासाठींच उरलेलें असे. उलट, पत्नी वारलेल्या पुरुषाच्या दारीं सुतक फिटतें न फिटतें तोंच मुलींचे बाप पत्रिका घेऊन उभे राहत. एकाच दुःखाचे हे दोन हिशेब होते. अशा स्थितींत एका एकाकी स्त्रीला आयुष्य दुसऱ्यांदां कसें लाभलें, तें लाभावें म्हणून कोण कोण झटलें आणि लाभल्यावर त्याची किंमत काय द्यावी लागली, तें आज थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. बंगालमध्यें पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीं धर्मशास्त्रांतील वचनांचा कसून अभ्यास केला आणि पराशरस्मृतीच्या आधारें असें प्रतिपादन केलें, कीं पति नाहींसा झाला, मेला, संन्यासी झाला, क्लीब निघाला किंवा पतित झाला, तर या पांच आपत्तींत स्त्रीला दुसरा पति करण्याची मोकळीक आहे. त्यांच्या खटपटीस यश येऊन १८५६ च्या जुलै महिन्यांत त्या सालचा पंधरावा कायदा मंजूर झाला. विधवेचा विवाह कायदेशीर ठरला, तिची संतति औरस ठरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कलकत्त्यास या कायद्याखालीं पहिला विवाहहि झाला.

परंतु या कायद्यांत एक कलम असें होतें, कीं त्यानें एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेतलें. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क, जणूं ती त्याच क्षणीं मरण पावली असें समजून, नष्ट होई. म्हणजे नव्या आयुष्याच्या दारांत पाऊल टाकतांना कायद्याच्या दृष्टीनें तिला पुनः एकदां मरावें लागे! महाराष्ट्रांतील कुणबी, माळी इत्यादि अनेक जातींत विधवेनें पाट लावण्याची चाल पूर्वापार चालत आलेली होती; त्यांना या कायद्याची मुळीं गरजच नव्हती. तरीहि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या उच्च न्यायालयानें हें कलम त्यांनाहि लागू केलें. ज्यांच्यासाठीं कायदा झाला त्या वरिष्ठ जातींच्या विधवा त्याचा लाभ घेण्यास धजत नव्हत्या, आणि ज्यांना तो नको होता त्यांच्या हातची भाकरी मात्र त्यानें काढून घेतली.

कायदा कलकत्त्यास झाला. पुण्यामुंबईच्या घरांचे उंबरठे ओलांडण्यास त्याला अनेक वर्षें लागलीं. आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा त्यापूर्वींच सुरू झालेली होती. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पणा’नें तो विषय छेडला होता, लोकहितवादींनीं आपल्या शतपत्रांतून विधवांच्या हालांवर कडक शब्दांत लिहिलें होतें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं प्रसिद्ध झाली आणि तिचाहि विषय विधवांची स्थिति हाच होता. पुण्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवेला तेथें निर्धास्तपणें प्रसूत होतां येई. या दंपतीनें अशाच एका ब्राह्मण विधवेचें मूल दत्तक घेऊन वाढविलें. चर्चेच्या पुढें जाऊन प्रत्यक्ष हात देणारें हें काम होतें.

वरिष्ठ जातींत प्रत्यक्ष विवाह घडवून आणण्याचा उद्योग मांडला तो विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनीं. त्यांनीं विद्यासागरांचा ग्रंथ मराठींत आणला, पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापिली आणि ‘इंदुप्रकाशा’च्या मराठी स्तंभांतून हा प्रश्न धसास लावला. १५ जून १८६९ रोजीं मुंबईस पांडुरंग विनायक करमरकर यांचा वेणूबाई या विधवेशीं विवाह झाला आणि सगळ्या ब्राह्मणसमाजांत एकच गहजब उडाला. लग्नास बोलावणारांवर, जाणारांवर, त्यांच्याशीं व्यवहार ठेवणारांवर बहिष्कार पडले. पुढील वर्षीं, १८७० सालीं, पुण्यास शंकराचार्यांच्या समोर दोन्ही पक्षांच्या शास्त्र्यांचा वाद झाला. तो कित्येक दिवस चालला आणि निकाल पुनर्विवाहाच्या विरुद्ध लागला. विष्णुशास्त्री डगमगले नाहींत. पुढें त्यांनीं स्वतःहि विधवेशींच विवाह केला. परंतु १८७६ सालीं त्यांना मृत्यूनें गांठलें आणि चळवळीचा कणाच मोडल्यासारखें झालें.

त्या वादाचा विचार करतांना एक गोष्ट मनास लागून राहते. दहा शास्त्री बसले, वचनांचा कीस पडला, शब्दांच्या व्युत्पत्ति झाल्या. परंतु ज्यांच्या आयुष्याचा निकाल लागत होता त्यांपैकीं एकीलाहि तेथें कोणी विचारलें नाहीं. स्त्रीच्या दुसऱ्या आयुष्याचा प्रश्न हा त्या काळीं पुरुषांच्या धैर्याचा प्रश्न बनला होता, आणि पुरुषांचें धैर्य तर फारच चंचल. १८७३ सालीं न्यायमूर्ति रानडे यांची पहिली पत्नी वारली. रानडे त्या वेळीं एकतीस वर्षांचे होते आणि पुनर्विवाहपक्षाचे खंदे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध होते. ते आतां विधवेशींच लग्न करतील अशी मित्रांची खात्री होती आणि वडिलांना भीति होती. वडिलांनीं त्वरा केली, आणि अवघ्या कांहीं आठवड्यांत अकरा वर्षांची कुमारिका त्यांच्या घरांत वधू म्हणून आली. त्याच रमाबाई पुढें थोर पदास चढल्या आणि त्यांनीं लिहिलेल्या आठवणी मराठींत चिरंतन झाल्या, ही गोष्ट निराळी. परंतु पित्याचें मन मोडण्याचें धैर्य एवढ्या थोर पुरुषालाहि झालें नाहीं. विधुराला दुसरें आयुष्य मिळण्यास कांहीं आठवडे पुरे होत. विधवेला तें मिळण्यासाठीं एखाद्या पुरुषानें आपला बाप, आपलें गांव आणि आपली पंगत पणाला लावावी लागे.

या पार्श्वभूमीवर आपण आतां कोंकणांतील देवरुखास जाऊं. तेथें बाळकृष्ण केशव जोशी यांच्या घरीं गोदूबाई नांवाची मुलगी होती. आठव्या वर्षीं तिचें लग्न झालें आणि थोड्याच महिन्यांत नवरा वारला. लग्न म्हणजे काय हें कळण्यापूर्वींच तें संपलेंहि होतें. ऐन तारुण्याचीं वर्षें सासरमाहेरच्या कष्टांत गेलीं. अक्षरओळख नाहीं, स्वतःचें असें कांहीं नाहीं, आणि उद्यांचा दिवस आजच्याहून निराळा असेल अशी आशाहि नाहीं. मात्र तिच्या भाग्यानें तिला नरहरपंतांसारखा भाऊ होता. शिक्षणासाठीं मुंबईस राहिलेल्या या भावाच्या मनांत आपल्या बहिणीनेंहि शिकावें असें आलें. तो तिला मुंबईस घेऊन गेला.

त्याच सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेहून परत आल्या होत्या. त्या स्वतः विधवा. विवाहानंतर दोन वर्षांच्या आंतच त्यांचे पति बिपिनबिहारी मेधावी १८८२ सालीं वारले होते. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस चौपाटीजवळ ‘शारदासदन’ उघडलें आणि त्या सदनांत दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे या गोदूबाई. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या सुमारास ही बाई धुळाक्षरें गिरवूं लागली. पुढें सदन पुण्यास गेलें, त्याबरोबर त्याहि पुण्यास आल्या. श्रोतेहो, माझ्या मतें गोदूबाईंचें दुसरें आयुष्य येथेंच सुरू झालें. विवाहाच्या मांडवांत नव्हे. एका विधवेनें दुसऱ्या विधवेच्या हातांत पाटी दिली, त्या दिवशीं तें सुरू झालें.

नरहरपंतांचे एक स्नेही होते. मुंबईंत ते एकाच बिऱ्हाडीं राहत. हे स्नेही म्हणजे मुरुडचे धोंडो केशव कर्वे. १८९१ सालीं कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले, आणि त्याच वर्षीं त्यांची पत्नी राधाबाई निवर्तली. पदरीं रघुनाथ हा लहान मुलगा. आप्तेष्ट लग्नाचा आग्रह करूं लागले. कर्व्यांनीं निश्चय केला, कीं विवाह करावयाचा तर विधवेशीं, नाहींतर करावयाचाच नाहीं. गणितज्ञाला साजेल असा हा सरळ विचार होता: मी विधुर, तर माझी सहधर्मचारिणीहि विधवाच असणें न्याय्य आहे. त्यांनीं गोदूबाईंच्या वडिलांशीं बोलणें केलें. वडिलांनीं होकार दिला. परंतु येथें कायद्यानें आणि शास्त्र्यांनीं जें केलें नव्हतें तें घडलें, गोदूबाईंना त्यांचा स्वतःचा विचार विचारण्यांत आला. त्यांनीं मान्यता दिली. ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यास हा विवाह झाला. शारदासदन उघडल्यास त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं. वधूचें वय अठ्ठाविसाच्या घरांत, वराचें चौतीस. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. परंतु लोक त्यांना ‘बाया’ याच नांवानें ओळखूं लागले.

कथाकादंबऱ्यांत गोष्ट येथें संपते. वास्तवांत ती येथें सुरू झाली. कर्वे सपत्नीक मुरुडास गेले, तों गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते भावाच्या घरीं उतरतील तर तें घरहि वाळींत पडणार, असा तो निर्बंध होता. घरीं वृद्ध माता होती, ज्येष्ठ बंधु होते, बहीण होती. सर्वांचें मन कर्व्यांकडे ओढत होतें. परंतु आपल्या पायीं त्यांना वाळींत टाकणें कर्व्यांना मान्य होणें शक्य नव्हतें. स्वतःच्याच गांवीं त्यांना परक्याप्रमाणें निराळें राहावें लागलें. बहिष्कार हा शब्द आज आपण सहज उच्चारतों. त्या काळीं त्याचा अर्थ असा, कीं पंगतीस पान नाहीं, हळदीकुंकवाचें बोलावणें नाहीं, अडल्या वेळीं शेजारीण नाहीं, आणि मेल्यावर खांदा देणारेहि मिळतील कीं नाहीं याची शाश्वति नाहीं. विधवेचा एकटेपणा संपला तो अशा रीतीनें, कीं आतां एकाच्या ठिकाणीं दोघें एकटीं झालीं. तथापि दोघांचा एकटेपणा आणि एकटीचा एकटेपणा यांत जमीनअस्मानाचें अंतर असतें. त्या दोघांनीं सत्तावन वर्षें संसार केला, त्याचें रहस्य बहुधा या अंतरांतच असावें.

त्याच वर्षाच्या अखेरीस कर्व्यांनीं विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापण्यांत पुढाकार घेतला. पण काम करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें, कीं पुनर्विवाह होणार थोड्यांचे आणि विधवा तर घरोघर. जिच्यापाशीं स्वतःच्या पायांवर उभें राहण्याचें कांहींच साधन नाहीं, तिचा होकारहि खरा होकार नव्हे आणि नकारहि खरा नकार नव्हे. म्हणून १८९६ सालीं त्यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० सालीं तो हिंगण्यास, एका दात्यानें दिलेल्या सहा एकर जागेंत, साध्या झोंपडींत गेला. कॉलेज आटोपलें कीं कर्वे पायीं हिंगणें गांठीत आणि तेथल्या मुलींना शिकवीत.

येथें या कथेंतील सर्वांत कठीण प्रसंग येतो. आश्रमांत मुली याव्यात तर पालकांचा विश्वास हवा. आणि तेथें पुनर्विवाहाचें वारें आहे असा नुसता संशय जरी आला, तरी कोणी मुलगी पाठविणार नाहीं. म्हणून कर्व्यांनीं दोन्ही चळवळी निक्षून वेगळ्या ठेवल्या. आश्रमांत पुनर्विवाहाचा उपदेश होणार नाहीं असें ठरलें. याचा परिणाम असा झाला, कीं जिच्याशीं विवाह करून कर्वे विधवांच्या कार्यांत पडले, त्या बायांनाच प्रारंभीच्या वर्षांत आश्रमाच्या अंतर्गत जीवनापासून दूर राहावें लागलें. नवरा हिंगण्यास शेकडों विधवांचा बाप झाला, आणि पुनर्विवाहित पत्नी पुण्यास मुलाबाळांचा संसार ओढीत राहिली. पैशाची ओढाताण नित्याचीच. कारण कर्व्यांचा पैसा घरापेक्षां कार्याकडेच आधीं जाई. इतिहास कर्व्यांना महर्षि म्हणतो आणि तें योग्यच आहे; परंतु ऋषींच्या आश्रमाचीं लांकडें कोणी फोडलीं, हेंहि इतिहासानें लिहून ठेविलें पाहिजे.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांची हकीकत येथें सांगितली पाहिजे. त्याहि विसाव्या वर्षाच्या सुमारास विधवा झाल्या. पदरीं एक मुलगा. त्या बहिणीच्या आधारानें पुण्यास आल्या. बहिणीचा पुनर्विवाह डोळ्यांसमोर असूनहि त्यांनीं स्वतः पुनर्विवाह केला नाहीं. त्या शिकल्या, आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या, गांवोगांव फिरून त्यांनीं वर्गणी गोळा केली. आणि इंग्रजी येत नसतांना १९१८ सालीं थेट अमेरिकेस जाऊन, तेथें घरकाम करून त्यांनीं इंग्रजीचा अभ्यास केला आणि संस्थेसाठीं पैसा जमविला. देवरुखच्या एकाच घरांतल्या या दोन बहिणी. एकीला दुसरें आयुष्य पति आणि मुलें यांच्या रूपानें मिळालें, दुसरीला तें कार्याच्या रूपानें मिळालें. त्यांतील एक मार्ग उच्च आणि दुसरा हलका, असें मला म्हणवत नाहीं. दोघींनाहि निवड करतां आली, हें त्यांत मोलाचें. वैधव्याचें खरें क्रौर्य पति जाण्यांत नव्हतें, मृत्यु कोणाला चुकला आहे? तें निवडीचा अधिकार जाण्यांत होतें.

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणुकी’तून क्रमशः प्रसिद्ध होत होती. तिच्यांतील यमूच्या वैधव्याचे आणि केशवपनाचे हाल वाचून महाराष्ट्रांतील घराघरांत डोळे पाणावले. याच सुमारास मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें नाभिक बंधूंनीं विधवांच्या मस्तकावर वस्तरा न चालविण्याचा ठराव केला. कागदावरची यमू अखेर मृत्यूच्या स्वाधीन झाली. पण त्याच काळांत पुण्याच्या एका सदनांत हाडामांसाची एक विधवा पाटीवर अक्षरें काढीत होती. तीं अक्षरें वायां गेलीं नाहींत. १९४४ सालीं, वयाच्या ऐंशीच्या घरांत असतांना, बायांचें ‘माझे पुराण’ हें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. विद्वत्तेचा आव नाहीं, दुःखाचें प्रदर्शन नाहीं. जिला एके काळीं कोणी विचारीतहि नव्हतें, तिनें आपल्या आयुष्याचा जमाखर्च स्वतःच्या बोलींत मांडला. १९५० सालीं त्यांचें देहावसान झालें. महर्षि त्यांच्या मागें बारा वर्षें जगले; १९५८ सालीं ते भारतरत्न झाले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं जे विधुर झाले होते, ते ब्याण्णवाव्या वर्षीं पुनः विधुर झाले.

१८५६ चा तो कायदा १९८३ सालीं रद्द झाला. हिंदु विवाहाच्या आणि वारशाच्या नव्या कायद्यांमुळें त्याची गरज उरली नव्हती. परंतु कायदा जुना होऊन रद्द झाला, तरी रूढि पुरती गेली नव्हती. २०२२ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेला विधवेचें कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची आणि मंगळसूत्र तोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव करावा लागला, आणि त्यानंतर राज्यसरकारनें इतर गांवांनाहि तसें करण्याविषयीं सुचविलें. ही गोष्ट अभिमानाची आहे. परंतु एकशें सहासष्ट वर्षांनंतर असा ठराव करावा लागला, ही गोष्ट विचार करावयास लावणारीहि आहे.

मुरुडनें वाळींत टाकलें तें गांवानें, आणि हेरवाडास रूढि सोडण्याचें ठरविलें तेंहि गांवानेंच. या दोन गांवांमधील अंतर कोणत्याहि कायद्यानें एकट्यानें तोडलेलें नाहीं. कायद्यानें परवानगी मिळते. आयुष्य मात्र माणसांकडून मिळतें. बहिणीला बरोबर नेणारा भाऊ, पाटी देणारी पंडिता, होकार विचारणारा बाप आणि न्याय म्हणून हात पुढें करणारा मित्र, एवढीं चार माणसें मिळालीं म्हणून देवरुखची एक गोदूबाई जगली. ज्या सहस्रावधि गोदूबाईंना यांतील एकहि माणूस भेटलें नाहीं, त्यांचीं पुराणें कोणी लिहिलीं नाहींत. आपल्या घरांत, आपल्या शेजारांत आज जर असें एखादें एकटें माणूस असेल, तर त्याच्या वाट्याचें तें चौथें किंवा पहिलें माणूस होणें अजूनहि आपल्या हातीं आहे.